चापाची पारख

नरोली हे नाव गोमंतकीय वाचकाला परके नाही. २२ जुलै १९५४ रोजी दादरा मुक्त झाले. तेथील पोर्तुगीज चौकीवरचे अधिकारी आनिसेतु रोझारियो त्या चकमकीत मारले गेले. त्यानंतर सहाच दिवसांनी, २८ जुलैला, भर पावसाळ्यात आझाद गोमंतक दलाच्या आणि राष्ट्रीय स्वयंसेवक संघाच्या तरुणांनी नरोलीची चौकी ताब्यात घेतली, आणि २ ऑगस्टला सिल्वासा मुक्त झाले. सुधीर फडके यांच्यासारखा सुरांचा माणूस आणि बाबासाहेब पुरंदरे यांच्यासारखा इतिहासाचा माणूस त्या मोहिमेत होता. गोव्याला आणखी सात वर्षे थांबावे लागले. पण पोर्तुगीज सत्तेची पहिली खुंटी उखडली गेली ती दमणगंगेच्या काठी.

त्या आठवणीपायी गेल्या पावसाळ्यात आम्ही सिल्वासाहून पूल ओलांडून नरोलीला गेलो. इतिहासाच्या खुणा शोधायला गेलेल्या माणसाला तेथे आधी भेटतात ते कारखाने आणि त्या कारखान्यांच्या आधाराने चालणारी लहान लहान वर्कशॉपे. अशाच एका वर्कशॉपात, मूळच्या सिंधुदुर्गातल्या एका डायमेकरकडे, पाऊस थांबण्याची वाट पाहत आम्ही बसलो होतो. एवढ्यात विशीतला एक मुलगा भिजत आला आणि त्याने खिशातून प्लास्टिकचे एक पाकीट काढून टेबलावर ठेवले. पाकिटात एक बारीक स्प्रिंग होती आणि करंगळीच्या नखाएवढा पोलादाचा एक तुकडा.

“काका, याची धार जरा पॉलिश करून द्या. आणि स्प्रिंगची दोन वेटोळी कापून द्या. चाप फार रखरखतो.”

डायमेकरांनी चष्मा पुसला, तो तुकडा उजेडात धरून पाहिला आणि पाकीट परत सरकवले. “हे पिस्तुलातलं आहे. माझ्याकडे लेथ आहे, ग्राइंडर आहे, हात पण आहे. पण हे काम मी करणार नाही.”

मुलगा नेमबाज होता. पंचवीस मीटरच्या पिस्तुल प्रकारात तो दोन वर्षे सराव करीत होता. पिस्तुल परवान्याचे, क्रीडा प्रकारचे, बाविसाच्या काडतुसाचे. गुण पुढे सरकत नव्हते, आणि कोणीतरी त्याला सांगितले होते की दोष तुझ्यात नाही, चापात आहे. त्याच्या चेहऱ्यावरचा हिरमोड पाहून आम्हांला वाटले की नकार योग्य असला तरी त्यामागचे कारण त्याला कोणी नीट सांगितलेले नाही. आपल्याकडे या विषयावर मराठीत लिहिले जात नाही. तेव्हा थोडे लिहावे.

आधी शब्दांचा घोळ मिटवू. बोटाने ओढतो तो चाप, आणि काडतुसावर आघात करवितो तो घोडा. बोलताना आपण ‘घोडा दाबला’ असे सर्रास म्हणतो. कारागिराला ही सरमिसळ परवडत नाही. घोडा मागे चढला की त्याची खाच एका लहानशा दातावर अडकून राहते. या दाताला इंग्रजीत सिअर म्हणतात. आपण अडकण म्हणू. घोड्यामागे मुख्य स्प्रिंग दाबलेली असते. चाप ओढला की अडकण केसभर सरकते, खाच सुटते आणि घोडा पडतो. त्या मुलाच्या पाकिटातला तुकडा हीच अडकण होती. साऱ्या यंत्राची शिस्त त्या नखाएवढ्या पोलादावर अवलंबून असते.

चापाचा ‘स्पर्श’ चांगला किंवा वाईट म्हणजे काय? अनुभवी नेमबाज तो चार तुकड्यांत अनुभवतो. प्रथम चाप थोडा सैल मागे येतो. मग तो एका ठिकाणी अडतो. या अडण्याला ते ‘भिंत’ म्हणतात. त्या भिंतीवर दाब वाढत जातो आणि एका क्षणी, काचेची काडी मोडावी तसा, चाप सुटतो. सुटल्यावर तो आणखी किती मागे जातो, हा शेवटचा भाग. चांगल्या चापात भिंत दर वेळी त्याच जागी लागते, सुटण्यापूर्वी सरकल्याची जाणीव होत नाही, आणि सुटल्यावर बोट धडपडत पुढे जात नाही. येथे वजनाचा उल्लेख आम्ही मुद्दाम केलेला नाही. नवशिक्याला हलका चाप म्हणजेच चांगला चाप वाटतो. पण हजार ग्रॅमचा स्वच्छ चाप सातशे ग्रॅमच्या रखरखीत चापापेक्षा हाताला हलका लागतो, हे कोणताही मुरलेला नेमबाज सांगेल.

याचे महत्त्व किती, ते एका साध्या गणिताने कळते. दहा मीटरच्या हवाई पिस्तुलाच्या निशाणावर दहाचे वर्तुळ साडेअकरा मिलिमीटर व्यासाचे, आणि पुढची प्रत्येक पट्टी आठ मिलिमीटरची. पुढची आणि मागची माशी यांत सुमारे तेहेतीस सेंटिमीटर अंतर धरा. चाप ओढताना पुढची माशी मागच्या खाचेत केवळ ०.३ मिलिमीटर हलली, तर दहा मीटरवर छर्रा नऊ मिलिमीटर बाजूला जातो. छर्ऱ्याची साडेचार मिलिमीटरची जाडी हिशेबात घेतली तरी दहाचे नऊ होतात. तीन दशांश मिलिमीटर म्हणजे पोस्टकार्डाच्या जाडीइतका फरक! तेव्हा चापाची तक्रार करणाऱ्या मुलाला कोणी नखरेल समजू नये.

परंतु खेळाने या हौसेला मर्यादा घातली आहे. आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या नियमाप्रमाणे दहा मीटर हवाई पिस्तुलाचा चाप किमान ५०० ग्रॅम, आणि पंचवीस मीटरच्या पिस्तुलाचा किमान १००० ग्रॅम भरला पाहिजे. त्याची परीक्षा काट्याने होत नाही. नळी उभी धरून चापावर ठरलेले वजन टांगतात आणि पिस्तुल वर उचलतात. वजन उचलले गेले आणि चाप सुटला नाही तर पास. स्पर्धा संपल्यावरही काही नेमबाजांची पिस्तुले अकस्मात तपासतात, आणि तेव्हा वजन उतरले तर साऱ्या दिवसाची कमाई बाद होते. दोन वेटोळी कापलेली स्प्रिंग सकाळी १०१० ग्रॅम दाखवील आणि सहा महिन्यांनी ९८० दाखवील. पन्नास मीटरच्या ‘मुक्त’ पिस्तुलाला असे किमान बंधन नव्हते, आणि त्यावर काही ग्रॅमचे चाप बसत असत. पण तो प्रकार २०१६ च्या रिओ ऑलिंपिकनंतर ऑलिंपिकमधून गेला.

आता भागांकडे वळू. परदेशांत, विशेषतः अमेरिकेत, पिस्तुलाच्या मूळ कारखान्याखेरीज इतरांनी बनविलेल्या स्प्रिंगा, अडकणी, सपाट चाप, हलके घोडे यांची मोठी बाजारपेठ आहे. पाकिटावर ‘चाप निम्मा हलका’ असे लिहिलेले असते. त्यांतले काही भाग उत्तम असतात. मात्र पाकिटावर हे लिहिलेले नसते की पिस्तुलातला कोणताही भाग एकटा नसतो. मुख्य स्प्रिंग नरम केली की चाप हलका होतो, पण घोड्याचा आघातही नरम होतो. बाविसाच्या काडतुसात स्फोटक कडेला भरलेले असल्याने त्याला कडक आघात लागतो, आणि मग ऐन मालिकेत काडतूस पेटतच नाही. चाप परत आणणारी स्प्रिंग नरम केली की चाप पुढे येण्यास कुचराई करतो. जड धातूचा रुंद चाप बसविला, तर पिस्तुल खाली पडताच त्या वजनाच्या जडत्वानेच चाप मागे ओढला जाण्याचा संभव असतो.

हे शेवटचे निव्वळ तर्काचे नाही. अमेरिकेतील सिग सॉअर कंपनीच्या पी-३२० या पिस्तुलाबाबत २०१७ साली असे आढळून आले की ते विशिष्ट कोनात पडल्यास चाप न ओढता बार उडू शकतो. कंपनीने ग्राहकांना जी फुकट सुधारणा देऊ केली, तिच्यात चाप आणि अडकण दोन्ही पूर्वीपेक्षा हलक्या वजनाची होती. अभियंत्यांची फौज बाळगणाऱ्या कारखान्याकडून जे सुटले, ते घरी स्क्रू-ड्रायव्हर घेऊन बसलेल्या हौशी माणसाच्या ध्यानात येईल, ही अपेक्षा भोळी आहे.

उलट बाजूही सांगितली पाहिजे, कारण जड चाप म्हणजे सुरक्षित चाप असे आमच्याकडील अधिकारीवर्गाला सहज वाटते. न्यूयॉर्कच्या पोलिसांनी आपल्या पिस्तुलांना मुद्दाम १२ पौंडांचा, म्हणजे सुमारे साडेपाच किलोंचा, चाप बसवून घेतला होता. त्याच बनावटीच्या नेहमीच्या पिस्तुलाचा चाप त्याच्या निम्म्याहून कमी असतो. २४ ऑगस्ट २०१२ रोजी एम्पायर स्टेट बिल्डिंगसमोर दोन पोलिसांनी एका मारेकऱ्यावर १६ गोळ्या झाडल्या, आणि गोळ्यांनी व त्यांच्या तुकड्यांनी नऊ वाटसरू जखमी झाले. दोष सारा चापाचा होता असे कोणी म्हणणार नाही. परंतु साडेपाच किलो ओढताना हात स्थिर राहत नाही ही टीका तेव्हा झाली, आणि ती रास्त होती.

मग त्या मुलाने काय करावे? आम्ही त्याला जे विचारले ते येथे सांगतो. चापाचे वजन किती भरते? त्याला ठाऊक नव्हते. अडकणीजवळची जागा शेवटची कधी साफ केली? त्याने केलीच नव्हती. किनाऱ्यालगतच्या दमट हवेत जुने तेल घट्ट होऊन बसते आणि त्यात बारुदाची काजळी मिसळली की तिचे खळीसारखे चिकट लुकण होते, हे त्याला माहीत नव्हते. मूठ हाताला बसते का? मूठ मोठी असली की बोटाचे पेर चापावर तिरके पडते, ओढ सरळ मागे न जाता बाजूला जाते, आणि दोष चापाला लागतो. क्रीडा पिस्तुलांत चाप पुढेमागे सरकविण्याचे, सैल टप्पा आणि भिंत यांचे वजन वाटून देण्याचे, शेवटची धाव थांबविण्याचे स्क्रू कारखान्यानेच दिलेले असतात. त्या स्क्रूंची पुस्तिका त्याने उघडलेली नव्हती. पुस्तिका जर्मन किंवा इटालियन धाटणीच्या इंग्रजीत असते हे खरे. पण आकृत्या तरी पाहाव्यात.

हे सारे झाल्यावरही चाप रखरखत असेल तर भाग बदलावा, आणि तो मूळ कारखान्याचाच बदलावा. एका वेळी एकच बदलावा, म्हणजे बिघडले तर कशाने ते कळते. काम परवानाधारक शस्त्रकारागिराकडून करवून घ्यावे. नंतर वजन टांगून पाहावे. रिकाम्या पिस्तुलाचा घोडा चढवून, नळी सुरक्षित दिशेला ठेवून, मुठीवर रबरी हातोडीने टिचकी मारून घोडा आपोआप पडत नाही ना ते पाहावे. आणि पहिल्या दिवशी रेंजवर मॅगझिनमध्ये एकच काडतूस, मग दोनच काडतुसे घालावीत. अडकण झिजलेली असेल तर एका ओढीत दोन बार होतात, आणि दुसरा बार नळी वर उचललेली असताना होतो. मॅगझिनमध्ये पाच असली तर तो दोनावर थांबेलच असे नाही.

कानस मात्र कधीच नको. डायमेकरांनी त्या मुलाला हेच समजावले, आणि ते आमच्यापेक्षा चांगले समजावले. डायच्या पोलादाला पाणी देतात तसेच अडकणीला दिलेले असते. पुष्कळदा हे पाणी केवळ वरच्या पातळ थरापुरते असते. कानशीने तो थर गेला की खाली मऊ पोलाद उघडे पडते. पहिल्या दिवशी चाप लोण्यासारखा चालतो. “आणि मुलगा म्हणतो, काय झकास काम केलं काकांनी,” ते म्हणाले. “पाचशे बारांनंतर धार गोल होते. मग एक दिवस घोडा नुसता चढवला की पडतो. त्या दिवशी नळी कुणाकडे असेल, ते मला इथे बसून कसं कळणार?” अडकणीचा कोन अंशाच्या भागांत मोजतात, तो डोळ्यांनी राखता येत नाही. ज्याने आयुष्यभर साच्यांत शतांश मिलिमीटर राखले, तोच माणूस हे सांगत होता.

कायद्याची गोष्टही थोडक्यात. १९५९ च्या शस्त्र कायद्याने बंदुकीच्या व्याख्येत तिचे सुटे भागही आणले आहेत, आणि परवान्यावाचून बंदूक बनविणे, तिचे रूपांतर करणे, इतकेच काय ती दुरुस्त करणेही त्या कायद्याने निषिद्ध आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर या गुन्ह्याला किमान सात वर्षांची शिक्षा आहे. डायमेकरांना कलमे माहीत नव्हती. त्यांना एवढेच माहीत होते की कागदाशिवाय हे काम घेतले तर आपल्या चार कामगारांच्या घरची चूल धोक्यात येते.

परंतु कायदा सांगून आमचे समाधान होत नाही. तो मुलगा कानशीकडे का वळला, हा खरा प्रश्न आहे. या खेळातली उत्तम पिस्तुले बहुतेक परदेशी. त्यांचा सुटा भाग आणायचा तर आयातीची परवानगी, संघटनेची शिफारस, जकात यांच्या वाटेने जावे लागते. नामांकित नेमबाजांना आयातीच्या सवलती आहेत आणि त्या योग्यच आहेत; पण नामांकित होण्याआधी प्रत्येकजण अनामिकच असतो. शस्त्रकारागीर बसतात ते मोठ्या शहरांत. नरोली, वेंगुर्ले किंवा काणकोण येथल्या मुलाला दोनशे रुपयांच्या स्प्रिंगसाठी पिस्तुल परवान्यासह मुंबई किंवा पुणे गाठावे लागते. राष्ट्रीय रायफल संघटना १९५१ साली स्थापन झाली तेव्हा तिचे पहिले अध्यक्ष होते लोकसभेचे पहिले सभापती गणेश वासुदेव मावळंकर. त्यांचे घराणे मूळचे संगमेश्वर तालुक्यातल्या मावळंग्याचे, म्हणजे आपल्याच किनारपट्टीचे. त्यांच्या नावाने होणाऱ्या अखिल भारतीय स्पर्धेतून देशभरचे नेमबाज वर आले. त्या किनारपट्टीवर प्रत्येक जिल्ह्यात नाही, तरी दोन-तीन जिल्ह्यांत मिळून एक परवानाधारक कारागीर, महिन्यातून एक दिवस रेंजवर येऊन बसेल, अशी व्यवस्था राज्य संघटनांना अवघड का व्हावी? पिस्तुले तेथेच असतात, परवाने तेथेच असतात, टांगायचे वजनही तेथेच असते.

आणि साधनाचा प्रश्न केवळ नवशिक्यांचा नाही. २५ जुलै २०२१ रोजी टोकियो ऑलिंपिकच्या प्राथमिक फेरीत मनू भाकरच्या हवाई पिस्तुलात मध्येच बिघाड झाला. ते पिस्तुल विजेच्या मंडलावर चालणाऱ्या चापाचे. अशा चापाचा स्पर्श अतिशय एकसारखा असतो, पण बिघडला तर नुसत्या स्क्रू-ड्रायव्हरने भागत नाही. दुरुस्तीत बहुमोल मिनिटे गेली, उरलेले बार घाईत मारावे लागले, आणि ५७५ गुणांवर ती बारावी आली. अंतिम फेरीची रेषा ५७७ वर होती. तीन वर्षांनी पॅरिसला तिने त्याच प्रकारात कांस्यपदक मिळविले. तारीख होती २८ जुलै २०२४. नरोलीच्या मुक्तीला त्या दिवशी सत्तर वर्षे पूर्ण झाली होती. हा योगायोग आम्ही त्या मुलाला सांगितला तेव्हा त्याला मनूचे गुण तोंडपाठ निघाले आणि नरोलीची तारीख माहीत नव्हती.

कोल्हापूरच्या राही सरनोबतचे उदाहरण त्याला अधिक जवळचे, कारण प्रकार तोच, पंचवीस मीटरचा, हजार ग्रॅमच्या चापाचा. २०१३ साली चांगवॉनच्या विश्वचषकात तिने सुवर्णपदक घेतले. २०१८ साली जाकार्ता-पालेंबांगच्या आशियाई स्पर्धेत थायलंडच्या प्रतिस्पर्ध्याशी बरोबरी झाल्यावर जादा फेऱ्यांत तिने सुवर्ण खेचून आणले. त्या प्रकाराच्या जलद टप्प्यात निशाण तीनच सेकंद समोर असते. तेवढ्यात हात खालून वर आणायचा, माशी बसवायची आणि हजार ग्रॅम ओढायचे. चापाच्या भिंतीपर्यंत बोट वाटेतच पोचले पाहिजे. ही सवय कोणत्याही पाकिटात विकत मिळत नाही. ती रिकाम्या पिस्तुलाने, घरातल्या भिंतीवर काळा ठिपका चिकटवून, रोज शंभर-दोनशे वेळा चाप ओढून लागते. बाविसाच्या पिस्तुलात त्यासाठी बनावट काडतूस घालावे, नाहीतर सुई नळीच्या कडेवर आपटून ती कड चेपते.

पाऊस ओसरल्यावर मुलगा पाकीट खिशात घालून गेला. पंधरा दिवसांनी डायमेकरांचा आम्हांला फोन आला. मुलाने रेंजवरच्या प्रशिक्षकांकडून अडकण धुऊन परत बसवून घेतली होती. काळी राळ निघाली ती चहाच्या चमच्याभर. वजन भरले १२१० ग्रॅम. म्हणजे दोनशे ग्रॅम उतरविण्यास नियमाप्रमाणे जागा आहे, आणि त्यासाठी कारखान्याची हलकी स्प्रिंग मिळते. मुंबईच्या दुकानदाराने ती यायला तीन महिने लागतील असे सांगितले आहे. निवड स्पर्धा दोन महिन्यांवर आहे. मुलगा १२१० वरच सराव करतो आहे.